थरथर थांबली, म्हणजे कारण कळलं?

ब्रेकवर पाय पडला की स्टिअरिंग हातात थरथरू लागतं, पाय काढला की गाडी पुन्हा मुकाट धावते. ही तक्रार घेऊन गाडी गॅरेजमध्ये गेली की निदानासाठी फारसं थांबावं लागत नाही: डिस्क वाकडी झाली. डिस्क उतरवतात, टर्निंगसाठी लेथवर पाठवतात, दोन्ही अंगांनी पातळ थर काढून परत बसवतात. थरथर जाते. पुढे काही हजार किलोमीटर गाडी अलगद थांबते, आणि मग एके दिवशी घाट उतरताना तीच थरथर परत येते. आता मधल्या त्या काही हजार किलोमीटरांचं काय म्हणायचं? निदान झालं, त्याला धरून उपाय झाला, उपाय लागूही पडला. मग त्या काळात कारण कळलेलं होतं की नव्हतं? प्रश्न गॅरेजमधला दिसतो, पण भारतीय दर्शनांनी शतकानुशतके ज्यावर वाद घातला त्यांपैकी हा एक आहे: आपलं ज्ञान खरं आहे हे कशावरून ओळखायचं? न्यायदर्शनाने दिलेलं उत्तर व्यवहाराला जवळचं आहे. ज्ञानावर विसंबून माणूस कामाला लागतो आणि ते काम फळाला जातं, यावरून ज्ञान खरं ठरतं. याला ‘प्रवृत्तिसामर्थ्य’ म्हणतात, आणि पाचव्या शतकाच्या सुमारास वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्याची सुरुवातच या विचाराने केली. समोर पाणी दिसलं, गेलो, तहान भागली, तर दिसलं ते पाणीच होतं. हे उत्तर मला अर्धं मान्य आहे. उरलेलं अर्धं काय, ते थरथरणारी गाडी फार नेमकं दाखवते.

त्यासाठी चाकाच्या आत काय घडतं ते आधी पाहायला हवं. डिस्क हा बिडाचा चकता हबवर बसलेला असतो आणि चाकाबरोबर फिरतो. ब्रेक दाबला की कॅलिपरमधले दोन पॅड त्याला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी असेल तर पकडही सारखी राहते. जाडी एका ठिकाणी कमी आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त असेल, तर प्रत्येक फेऱ्यात पकड सैल-घट्ट होते. त्याचा धक्का ब्रेक ऑइलमधून पेडलला आणि सस्पेन्शनमधून स्टिअरिंगला पोहोचतो. हा फरक किती हवा? एक-दोन शतांश मिलिमीटर पुरतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही बराच कमी. आता महत्त्वाची गोष्ट अशी की डिस्क फिरताना नुसती डुलत असेल, पण जाडीने सारखी असेल, तर सहसा थरथर होत नाही; सरकता कॅलिपर तिच्याबरोबर डुलत राहतो. या डुलण्याला रनआउट म्हणतात आणि बहुतेक मोटारींत त्याची मर्यादा साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते. डुलणारी डिस्क त्रास देते ती दुसऱ्या वाटेने आणि सावकाश. ब्रेक दाबलेला नसतानाही तिचा एकच भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला हलकेच घासून जातो. तो भाग तरी झिजतो, नाहीतर त्यावर पॅडचा मसाला चिकटत जातो. हजारो किलोमीटरांनी डिस्क एका जागी पातळ किंवा जाड होते, आणि तेव्हा स्टिअरिंग थरथरतं. डिस्क मुळात डुलते का? पुष्कळदा हबच्या तोंडावर साचलेल्या गंजामुळे, किंवा चाकाचे नट कमी-जास्त आवळल्यामुळे. हबच्या काठाशी तीन शतांश मिलिमीटरची गंजाची पापडी असेल, तर डिस्कच्या बाहेरच्या काठावर तो डोल जवळपास दुप्पट होतो. दुसरीही एक वाट आहे. लांब उतारावर ब्रेक तापलेले असताना गाडी पूर्ण थांबवून पेडल तसंच दाबून धरलं, तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटून राहतो. कॅरॉल स्मिथ या अमेरिकी रेसिंग इंजिनिअरने तर ‘वाकडी डिस्क’ ही मोटार-जगातली एक दंतकथाच असल्याचं लिहून ठेवलं आहे. लोक जिला वाकडी म्हणतात ती बहुधा पॅडच्या मसाल्याचे असमान थर बसलेली डिस्क असते, असं त्याचं म्हणणं.

थरथर हे कार्य दिसतं आहे, त्यावरून कारणाकडे जायचं आहे. न्यायसूत्रांनी अनुमानाचे जे तीन प्रकार सांगितले त्यांतला हा ‘शेषवत्’. वात्स्यायनाचं उदाहरण आपल्याला अनोळखी नाही: नदी फुगलेली दिसली, म्हणजे वरच्या अंगाला पाऊस झाला. दुसऱ्या अध्यायात याच उदाहरणावर आक्षेप येतो. नदी पुढे कुठे अडल्यानेही फुगू शकते, मग फुगलेल्या नदीवरून पावसाचं अनुमान कसं करणार? उत्तर फार मोलाचं आहे. नुसतं फुगलेलं पाणी हा हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, नव्हेच. पावसाने आलेल्या पाण्याला ओढ असते, ते फेस आणतं, पानं, फळं, लाकडं वाहून आणतं. अडलेलं पाणी तसं नसतं. जो हे न पाहता पावसाचं अनुमान करतो तो चुकतो, पण तो दोष अनुमान करणाऱ्याचा, अनुमानाचा नव्हे. नुसती ‘थरथर’ ही नुसती फुगलेली नदी आहे. तिच्यातली पानं-फळं शोधावी लागतात. ब्रेक न दाबताच ऐंशी-शंभरच्या वेगाला गाडी थरथरत असेल, तर टायर आणि व्हील बॅलन्सिंगकडे वळायला हवं. ब्रेक दाबल्यावरच थरथरते, आणि तीही हातातल्या स्टिअरिंगला, तर संशय पुढच्या चाकांवर. सीटला आणि पायाखालच्या पत्र्याला जाणवते, तर मागच्या चाकांवर. मागे ड्रम असलेल्या गाडीत मोकळ्या रस्त्यावर, अगदी कमी वेगात, हँडब्रेक बटण दाबून हळू ओढला आणि थरथर आली, तर ड्रम लंबगोल झाल्याची खूण मिळते. जोरात ब्रेक मारल्यावर ओल्या रस्त्यावर पेडल खडखडत असेल तर तो एबीएसचा नेहमीचा व्यवहार आहे, बिघाड नव्हे. आणि थरथरीची लय पाहावी. शंभरच्या वेगाला छोट्या मोटारीचं चाक सेकंदाला चौदा-पंधरा फेरे घेतं, पन्नासच्या वेगाला सात. लय वेगाबरोबर मंदावत गेली, तर कारण चाकाबरोबर फिरणाऱ्या कशात तरी आहे. वात्स्यायनाने ‘शेषवत्’चा दुसरा अर्थही दिला आहे: शक्यता एकेक करून बाद करायच्या आणि जी शेष राहते ती धरायची. चांगला मेकॅनिक दोन्ही अर्थांनी शेषवत् अनुमान करत असतो, त्याला ते नाव ठाऊक असो वा नसो.

इतकं करूनही ‘पुढच्या डिस्कमध्ये दोष आहे’ इथवरच पोहोचता येतं. ‘डिस्क उष्णतेने वाकली’ हा निष्कर्ष तिथून एक उडी पुढे आहे, आणि नेमक्या त्या उडीला टर्निंगचं यश आधार पुरवतं. लेथवर गेली, थरथर गेली, म्हणजे वाकडीच होती! नैयायिक इथे ‘उपाधी’ शोधायला सांगतील. त्यांचं शिकवणीतलं उदाहरण आहे: जिथे आग तिथे धूर असतोच, असं म्हणता येत नाही, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते पण धूर नसतो. धूर निघायला ओलं सरपण लागतं, आणि तीच तिथली न दिसलेली अट. आपल्या अनुमानातही अशी अट लपलेली आहे. लेथ डिस्कची जाडी सारखी करतं. जाडीतला फरक वाकण्याने आला, गंजलेल्या हबमुळे आला, की ठशामुळे आला, याच्याशी लेथला देणंघेणं नाही. म्हणजे उपाय यशस्वी होण्यासाठी जाडीत फरक असणं पुरेसं होतं, डिस्क वाकडी असणं गरजेचं नव्हतं. निदान चुकीचं असतानाही उपाय फळला. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तार्किकाने असाच प्रसंग कल्पिला होता. मांस भाजायला कुणी नुकतीच आग पेटवली आहे, धूर अजून निघालेला नाही, पण मांसावर माशांचा थवा घोंघावतो आहे. दूरवरून एकाला तो थवा धूर वाटतो, तिथे आग असेल असं तो म्हणतो, जातो, आणि आग सापडते. निष्कर्ष खरा, फळही मिळालं, तरी याला ज्ञान म्हणायचं नाही, असं धर्मोत्तराचं मत. माशांचा थवा आगीची खूण नव्हती. टर्निंगने बरी झालेली गाडी ही त्या मांसाखालची आग आहे. किंबहुना गाडीच्या बाबतीतली चूक अधिक गंभीर आहे, कारण धर्मोत्तराच्या प्रवाशाला निदान खरीच आग मिळाली होती. इथे कारणाचं नावच चुकलेलं आहे, आणि तरीही थरथर गेली.

मग प्रवृत्तिसामर्थ्य टाकून द्यायचं का? नाही. फळ हवंच, पण कोणतं फळ मोजायचं हे ज्ञानानेच आधी सांगितलेलं हवं. आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधनं सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. उपशय म्हणजे औषध देऊन पाहणं. ज्या रोगाची लक्षणं लपलेली आहेत तो उपशयाने तपासावा, असं चरकसंहिता सांगते. म्हणजे ‘करून पाहू, गुण येतो का’ याला शास्त्रात जागा आहे. पण तिथे उपशय एकटा उभा नाही. त्याच्या शेजारी संप्राप्ती आहे: दोष कुठून निघाला, कोणत्या वाटेने गेला, कुठे ठाण मांडून बसला, याचा अखंड माग. डिस्कच्या बाबतीत संप्राप्ती म्हणजे हबवरचा गंज, त्यातून डोल, डोलातून घासणं, घासण्यातून जाडीचा फरक, त्यातून थरथर. ज्याला हा माग ठाऊक आहे तो आणखी चार गोष्टी आधीच सांगू शकतो. डिस्क काढल्यावर हबच्या तोंडावर पापडी दिसेल. डायल गेज लावून चाक फिरवलं तर काटा मर्यादेबाहेर जाईल. मायक्रोमीटरने काठापासून सेंटिमीटरभर आत, आठ ठिकाणी जाडी मोजली तर आकडे जुळणार नाहीत. आणि हब साफ न करता डिस्क नुसती लेथवर नेऊन परत बसवली तर आज थरथर जाईल, पण पुढे परत येईल. वाकडेपणाच्या निदानाला यांतलं फक्त गेजच्या काट्याचं सांगता येतं. त्याखेरीज ‘थरथर जाईल’ एवढंच, आणि ही दोन्ही फळं तर दोन्ही निदानांना समान आहेत. दोन मतांना जे फळ समान, त्या फळाने दोघांपैकी कुणीच सिद्ध होत नाही. न्यायाच्या सिद्धान्ताला मला जोडायचं आहे ते एवढंच: ज्या फळाची अपेक्षा फक्त हेच ज्ञान करतं, त्या फळाने ते तपासावं.

गाडी चालवणारा म्हणेल, हा सगळा पंडितांचा खेळ आहे; थरथर थांबली, मी घरी पोहोचलो, मला आणखी काय हवं? हा आक्षेप मी हलका मानत नाही. शेवटी गाडी आहे ती पोहोचण्यासाठीच. पण ‘थांबली’ म्हणताना आपण किती काळ मोजतो, हा प्रश्न उरतो. दर टर्निंगला डिस्क पातळ होते, आणि तिच्या कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो तो उगीच नव्हे. पातळ डिस्कमध्ये उष्णता सामावून घ्यायला लोखंड कमी उरतं. माणसांसकट १२०० किलोची गाडी ताशी शंभरवरून एकदा थांबवली तर जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते, तिच्या सुमारे चौदा पट ऊर्जा लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत साडेपाचशे मीटर खाली येताना मोकळी होते. गिअर खालचा ठेवला तर तिचा मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये उतरवली तर तो भारही बराचसा ब्रेकवरच येतो. चुकीच्या निदानाचा यशस्वी उपाय दर खेपेला हीच डिस्क बारीक करत नेतो, आणि मूळ दोष हबवर तसाच राहतो. व्यवहाराच्या नावाने विचार थांबवणाऱ्याचा व्यवहारही इथे नीट होत नाही.

उलट बाजूने येणारा आक्षेप अधिक खोल आहे. जयराशी भट्ट हा साधारण आठव्या-नवव्या शतकातला विचारवंत. त्याचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हा ग्रंथ १९४० साली बडोद्याला छापून प्रसिद्ध झाला. त्याने प्रवृत्तिसामर्थ्याच्या कल्पनेवरच घाव घातला. फळ मिळाल्याने ज्ञान खरं ठरतं म्हणता, पण फळ मिळालं हेही एक ज्ञानच; ते खरं कशावरून? त्याचं म्हणणं गॅरेजमध्ये आणलं तर असं होईल: काटा आठ शतांश दाखवतो, पण गेजच नीट बसला होता का? स्टँड हलला असेल. बेअरिंगमध्ये ढिलाई असेल आणि ती डिस्कच्या नावावर मोजली जात असेल. या शंका पोकळ नाहीत, तिन्ही प्रत्यक्षात घडतात. पण त्यांची दिशा पाहा. प्रत्येक शंका एका नेमक्या तपासणीकडे बोट दाखवते: स्टँड घट्ट करा, चाक धरून वर-खाली हलवून बेअरिंग पाहा, डिस्क एका बोल्टच्या भोकाने फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. डोलाची जागा डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कचा, जागच्या जागी राहिली तर हबचा. अशी शंका ज्ञानाची मैत्रीण आहे. जी शंका कोणत्याच तपासणीकडे नेत नाही, नुसतं ‘तरीही कशावरून?’ विचारत राहते, तिला नैयायिक उदयनाचार्यांनी उत्तर देऊन ठेवलं आहे: शंकेची हद्द तिथे, जिथे शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्याच वागण्याशी तिचा विरोध येतो. आगीने धूर होतो की नाही अशी शंका असलेला माणूसही धूर हवा असेल तेव्हा आगच पेटवतो. ब्रेकने गाडी थांबते याविषयी कोणत्याही तर्ककठोर माणसाने वळणावर शंका धरून ठेवलेली नाही.

मग कारणांची साखळी कुठे थांबवायची? हबला गंज का? दमट हवेने. हवा दमट का? असं मागे मागे सरकता येतं. याचं उत्तर तत्त्वज्ञानातलं मोठं असण्याची गरज नाही. ज्या कारणाच्या पलीकडचं कारण कळून आपल्या हातून होणारी कृती बदलणार नाही, तिथे थांबावं. हबवर गंज आहे कळलं, तर तारेच्या ब्रशने तो उजळून काढता येतो, नट ताऱ्याच्या आकारात, टॉर्क रेंचने ठरल्या मापाला आवळता येतात. कोकणातली हवा बदलता येत नाही. पण ‘डिस्क खराब’ इथेच थांबणं मात्र फार लवकर थांबणं आहे, कारण त्याच्या एक पाऊल मागे कृती बदलणारं कारण बसलेलं आहे.

हा विचार गाडीपुरता ठेवला तर त्याचं वजन कमी वाटेल, म्हणून एका अवघड ठिकाणी तो नेऊन पाहतो. आपल्याकडे नवस फळतो. आजारी मूल बरं होतं, रखडलेली नोकरी लागते, आणि घर कृतज्ञतेने देवाच्या पायरीशी जातं. त्या कृतज्ञतेविषयी माझ्या मनात आदरच आहे. आभार मानायला तर्क लागत नाही. पण ‘नवस केला, फळ मिळालं, म्हणून नवसाने फळ मिळालं’ हे अनुमान टर्निंगच्या अनुमानाचं सख्खं भावंड आहे. ते फळ दुसऱ्या कारणांनाही समान होतं. स्वतः भक्तीत बुडालेल्या तुकोबांनी नवसाने मुलं होण्याच्या समजुतीला थेट आव्हान दिलं, आणि त्यामुळे त्यांची भक्ती उणी झाली नाही. उलट या अनुमानाचा खरा जाच त्या घराला होतो जिथे नवस करूनही मूल वाचत नाही. ‘तुमचीच श्रद्धा कमी पडली’ हे वाक्य त्या आईबापांना ऐकावं लागतं, ते या कच्च्या तर्कापायी. फळावरून कारण ठरवण्याची घाई माणसांना कशी दुखावते, हे तिथे दिसतं.

गॅरेजमध्ये ही घाई होते ती बहुधा लबाडीने नव्हे. दिवसाला दहा गाड्या, बाहेर उभं राहिलेलं गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकालाही ‘डिस्क वाकली’ हे दोन शब्द समजायला सोपे. डायल गेज पेटीतच राहतो. तरीही मेकॅनिकच्या शब्दावर आपण मुलाबाळांसकट घाट उतरतो, म्हणजे त्याचा शब्द आपल्यासाठी शब्दप्रमाण आहे. वात्स्यायनाने असा शब्द कुणाचा मानावा हे सांगताना जात-कूळ पाहिलं नाही. ज्याला ती वस्तू प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू, असं त्याने स्पष्ट म्हटलं. काळवंडलेल्या हातांचा मेकॅनिक पुरता आप्त होऊ शकतो. त्याने फक्त पाहिलेलं असायला हवं. आणि त्याला पाहण्याइतका वेळ देणं, त्या वेळेचे पैसे कुरकुर न करता देणं, हे आपलं काम आहे. पुढच्या वेळी गाडी थरथरली तर डिस्क लेथवर पाठवण्याआधी एवढं विचारा: रनआउट किती भरला, आणि हबचं तोंड कसं आहे? नवी डिस्क किंवा टर्निंग झालेली डिस्क बसल्यावर तोच आकडा पुन्हा घ्यायला सांगा, आणि दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या.